संघटनेची पावती फाडण्याआधी: विदर्भातल्या बांधकाम मजुरासाठी

दिवाळी झाली, कापसाची पहिली वेचणी आटोपली की गावाकडच्या बांधकामांना जोर येतो. त्याच सुमारास मजूर जमतात त्या ठिय्यावर पावतीपुस्तकं घेतलेली माणसंही दिसायला लागतात. एक म्हणतो, ‘संघटनेत या, भांड्यांचा संच मिळेल.’ दुसरा म्हणतो, ‘पाचशे द्या, कार्ड काढून देतो.’ गवंडी असा, सेंट्रिंगवाले असा, सळई बांधणारे असा, रेजा म्हणजे बाई मजूर असा की मिक्सरवरचे हेल्पर, खिशात हात घालण्याआधी एवढं ठरवा की संघटना तुम्हाला कशासाठी हवी आहे. कार्डासाठी हवी असेल तर पैसे वाया जातील. मजुरी बुडण्याची किंवा उंचीवर कामासाठी बांधलेल्या पाडावरून पडण्याची भीती असेल, तर चांगली संघटना त्या पैशाच्या कैक पट कामाची आहे. फक्त ती चांगली आहे का, हे आधी बघावं लागतं.

कार्ड वेगळं, संघटना वेगळी

ज्याला सगळे ‘कार्ड’ म्हणतात ते महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचं ओळखपत्र. त्या मंडळाचा पैसा येतो बांधकामाच्या खर्चावरच्या एक टक्का उपकरातून. १९९६ च्या केंद्रीय कायद्याने ही पद्धत सुरू झाली. म्हणजे हा पैसा मजुरांच्या नावानेच गोळा झालेला आहे, तो मिळवून देणारा कोणी उपकार करत नाही.

नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम, एवढ्या दोनच मुख्य अटी आहेत. कोणत्याही संघटनेचं सदस्य असण्याची अट नाही. सोबत आधार, रहिवासी पुरावा, वयाचा पुरावा, बँक पासबुक, फोटो आणि ९० दिवसांचं प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्र ठेकेदाराचं चालतं, ग्रामपंचायतीचं चालतं, नगर परिषदेचंही चालतं. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर भरायचा आणि तालुक्याच्या सुविधा केंद्रात किंवा जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात कागद तपासून घ्यायचे. शुल्क नाममात्र एक रुपया. भांड्यांचा संच आणि सुरक्षा संच मोफत आहेत. त्यासाठी हजार-पंधराशे मागणारा माणूस संघटनेचा असो की नसो, तो दलालच.

अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा किरकोळ कारणाने. आधारवर ‘रामदास’ आणि पासबुकावर ‘रामा’ असतं, मोबाइल आधारला जोडलेला नसतो म्हणून ओटीपी येत नाही, किंवा प्रमाणपत्रावर जावक क्रमांक आणि तारीख नसते. ग्रामसेवक सहीला कुरकुर करत असतील तर गावातल्याच कामाची, घरकुल, शाळाखोली, पाण्याची टाकी, नाली यांची, तारखांसकट यादी घेऊन जा. समोर यादी ठेवली की नाही म्हणणं अवघड जातं. दलालाने विकत आणलेलं खोटं प्रमाणपत्र मात्र घेऊ नका. तपासणीत ते निघालं की नोंदणी जाते आणि गुन्हा तुमच्या नावावर लागू शकतो, दलालाच्या नाही.

ई-श्रम कार्ड ही आणखी तिसरी गोष्ट. ती केंद्र सरकारची असंघटित कामगारांची नोंद आहे. ई-श्रम आहे म्हणून मंडळाच्या योजना मिळत नाहीत.

नोंदणीचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला जावं आणि कार्ड चार महिन्यांपूर्वीच संपलेलं निघावं, हे सर्रास घडतं. कार्डावरची शेवटची तारीख घराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवली तरी पुरे.

बुडालेली मजुरी

संघटनेची खरी गरज इथे लागते. रस्त्याचं किंवा पाणीपुरवठ्याचं काम निघालं की वर सरकारी खातं, त्याखाली मोठा ठेकेदार, त्याखाली पोटठेकेदार, त्याखाली मुकादम आणि सगळ्यात खाली तुम्ही. पैसा वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर थांबतो. मुकादम बहुतेक वेळा तुमच्याच गावचा किंवा शेजारच्या गावचा असतो, आणि अनेकदा त्याचेही पैसे अडकलेले असतात. म्हणून भांडण गावातच होतं आणि ज्याच्याकडे पैसा आहे तो नागपुरात किंवा हैदराबादेत निवांत बसतो.

कायदा मुकादमावर थांबत नाही. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ज्याचं काम चालू आहे, त्या मालकावर किंवा खात्यावर ती देण्याची जबाबदारी येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता, म्हणजे नवे एकत्रित कामगार कायदे, लागू झाल्या, त्यातल्या वेतन संहितेत मजुरीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. जुन्या किमान वेतन कायद्यात ती सहाच महिने होती, आणि कार्यालयात अजून कोणी ‘सहा महिने झाले, आता काही होत नाही’ असं सांगून वाटेला लावलं तर हे लक्षात ठेवा. थकलेल्या रकमेशिवाय तिच्या दहा पटीपर्यंत भरपाई द्यायला लावण्याचा अधिकार दावा ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्याला आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे हा अर्ज मजूर स्वतः करू शकतो, तसाच तो ज्या नोंदणीकृत संघटनेचा सदस्य आहे ती संघटनाही करू शकते.

या शेवटच्या वाक्यात संघटनेची निम्मी किंमत आहे. धारणीचा कोरकू मजूर अमरावतीला किंवा भामरागडचा माणूस गडचिरोलीला तारखेवर जाणार म्हणजे त्याचा अख्खा दिवस गेला, रोजी बुडाली, वर एसटीचं भाडं. पहिल्या तारखेला ठेकेदार येत नाही, दुसरीला मुदत मागतो. तिसऱ्या तारखेला मजूर जात नाही आणि ठेकेदार नेमका येतो. बारा हजारांच्या मजुरीसाठी एकटा माणूस किती तारखा करणार, याचा हिशोब ठेकेदाराला पक्का ठाऊक असतो. संघटनेचा प्रतिनिधी प्रत्येक तारखेला हजर राहिला आणि दहा-पंधरा मजुरांचा अर्ज एकत्र असला की हा हिशोब उलटा फिरतो.

सरकारी काम असेल तर आणखी एक वाट आहे. ठेकेदाराचं शेवटचं बिल आणि अनामत रक्कम खात्याकडे असते. बिल निघण्याआधी कार्यकारी अभियंत्याकडे मजुरी थकल्याचा लेखी अर्ज पोच घेऊन दिला, तर पुष्कळदा सुनावणीपर्यंत जाण्याची वेळच येत नाही. बिल निघून गेल्यावर हाच अर्ज जवळजवळ निरुपयोगी. कामाच्या फलकावर खात्याचं नाव, कामाची रक्कम आणि मुदत लिहिलेली असते. कामाच्या पहिल्याच दिवशी त्याचा फोटो काढून ठेवा.

पुरावा नसेल तर संघटनाही हात टेकते. एक साधी वही ठेवा आणि रोज संध्याकाळी त्यात लिहा: तारीख, काम कुठे, कोणाकडे, किती तास, रोजी काय ठरली, उचल किती घेतली, पैसे मिळाले तर किती आणि रोख की फोनवर. ठेक्याने काम असेल तर दरासोबत मापही लिहा: वीटकाम किती ब्रास, प्लास्टर किती चौरस फूट, सळई किती किलो. मापाचा वाद हा रोजीच्या वादापेक्षा जास्त चिघळतो, कारण प्लास्टर झालं की खिडक्या-दारं वजा करायची की नाही यावर ठेकेदार आणि मिस्त्री दोघंही शपथेवर वेगवेगळं सांगतात. हे काम सुरू होण्याआधी ठरवून व्हॉट्सअॅपवर एक ओळ टाकली तरी तो पुरावा होतो. लिहिता येत नसेल तर रोज संध्याकाळी मुकादमाला आवाजी संदेश पाठवा: ‘आज आम्ही आठ जण, पूर्ण दिवस.’

उचलीची नोंद तर सोडूच नका. मजुरी बुडवणारा ठेकेदार पहिलं वाक्य हेच म्हणतो, की त्याने उचल घेतली होती आणि आता त्याच्याकडेच माझे पैसे निघतात.

कामावरचा अपघात

पाड सुटणं, स्लॅबची सेंट्रिंग बसणं, खोदकामाची दरड कोसळणं, वरून गेलेल्या विजेच्या तारेला सळई लागणं. गावाकडच्या बांधकामांवर माणसं यातच जातात, आणि पट्टा किंवा हेल्मेट बहुतेक ठिकाणी नसतंच. अपघातानंतरचे पहिले दोन तास फार महत्त्वाचे, कारण त्या वेळी दवाखान्यात जे लिहिलं जातं त्यावर पुढचं सगळं उभं राहतं. ठेकेदाराचा माणूस सोबत येतो आणि डॉक्टरला सांगतो, ‘घरी पडला’ किंवा ‘गाडीवरून घसरला’. केसपेपरवर ‘अमुक ठिकाणी बांधकामावर काम करताना पडून’ असंच लिहून घ्या, पोलिसांत नोंद करा, साईटचे फोटो काढा, सोबतच्या दोन मजुरांची नावं आणि नंबर घ्या.

भरपाईचा हिशोब ठरलेला आहे. मृत्यू झाला तर मासिक मजुरीच्या निम्मी रक्कम गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. ३० व्या वर्षी तो आकडा २०७.९८ आहे. महिन्याची मजुरी १२,००० धरली तर ६,००० गुणिले २०७.९८ म्हणजे १२,४७,८८० रुपये होतात. आता हे ठेकेदाराच्या ‘दोन लाख घ्या आणि या कागदावर सही करा’ या बोलीशेजारी ठेवून बघा. हक्क सोडून देणारी अशी खाजगी सही कायद्यापुढे टिकत नाही, आणि मृत्यूची भरपाई तर थेट घरच्यांच्या हातात न देता प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. पण तेराव्याच्या आधी, घरात रडारड चालू असताना कागद पुढे येतो, तेव्हा हे सांगणारं कोणीतरी दारात असावं लागतं. गावात संघटनेचा एक तरी सदस्य असण्याचा उपयोग तो इथे. दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो आणि नोंदणीकृत संघटनेचा पदाधिकारी मजुराच्या वतीने तिथे उभा राहू शकतो.

मंडळाकडून मिळणारी मदत याशिवाय वेगळी. नोंदीत कामगाराचा कामावर मृत्यू झाला तर वारसाला पाच लाख, नैसर्गिक मृत्यू असेल तर दोन लाख. ठेकेदार कधीकधी हेच पाच लाख ‘मी मिळवून दिले’ म्हणून सांगतो आणि स्वतःची भरपाई टाळतो. दोन्ही मागा.

रोजी वाढवण्याचं काय

इथे अपेक्षा आवरत्या घ्या. कारखान्यात एक मालक, एक फाटक आणि तेच कामगार वर्षानुवर्षं असतात. बांधकामात आज एक मालक, पंधरा दिवसांनी दुसरा. संप करायचा तर कोणाविरुद्ध? तरी ठिय्यावरचा दर सगळ्यांनी मिळून ठरवणं जमतं, विशेषतः तालुक्याच्या गावी जिथे मिस्त्री मोजकेच आहेत. हे टिकतं ते हंगामात, दिवाळी ते मृगापर्यंत. पावसाळ्यात काम कमी झालं की कोणीतरी पन्नास रुपये कमी घेऊन जातोच, आणि त्याला दोष देऊनही चूल पेटत नाही.

किमान वेतनाचा दर परिमंडळानुसार ठरतो, ग्रामीण भाग तिसऱ्या परिमंडळात येतो आणि विशेष भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैपासून बदलतो. चालू दरपत्रक कामगार कार्यालयातून मागून घ्या. मिस्त्रीची बाजारातली रोजी त्याहून जास्तच असते, त्यामुळे त्याला त्याचा फारसा उपयोग नाही. उपयोग आहे रेजांना. डोक्यावर तेच घमेलं, तोच जिना, पण बाईला रोजी शे-दीडशेने कमी, हा प्रकार सरसकट चालतो. एकाच कामाला स्त्री-पुरुषांत मजुरीचा फरक करायला कायद्याने मनाई आहे. जी संघटना हा प्रश्न बैठकीत घेते का असं विचारल्यावर हसते, तिथे बायांनी पैसे भरू नयेत.

संघटना पारखायची कशी

नावात ‘कामगार’, ‘मजदूर’ किंवा ‘महासंघ’ असलं म्हणजे ती कामगार संघटना होत नाही. बऱ्याच जागी संस्था म्हणून नोंदलेलं मंडळ असतं. मजुरीचा दावा करायला कामगार संघटना म्हणून झालेली नोंदणीच लागते. आधी नोंदणी क्रमांक विचारा आणि तो पावतीवर छापलेला आहे का बघा. प्रमाणपत्राची छायाप्रत मागा. शंका असेल तर नागपूर किंवा अमरावतीच्या कामगार आयुक्त कार्यालयात तो क्रमांक पडताळता येतो.

मग पदाधिकारी कोण ते बघा. असंघटित क्षेत्रातल्या संघटनेत किमान निम्मे पदाधिकारी प्रत्यक्ष त्या कामातले असावे लागतात. अध्यक्ष वकील, सचिव पंचायत समितीचा माजी सदस्य, खजिनदार त्याचा मेहुणा आणि थापी धरणारा एकही नाही, असं दिसलं तर ती संघटना निवडणुकीपुरती आहे असं समजायला हरकत नाही.

सगळ्यात नेमका प्रश्न हा: मागच्या दोन वर्षांत मजुरीचे किती दावे टाकले, कुठल्या गावचे, किती पैसे हातात आले? खरं काम करणारा माणूस लगेच गावांची नावं घेतो, हरलेल्या दाव्यांबद्दलही बोलतो. दलाल फोटो दाखवतो: मोर्चा, मंत्री, हार. नावं मिळाली की त्या गावात जा आणि संघटनेचा माणूस सोबत नसताना दोघा-तिघांशी बोला. वसूल रकमेतून संघटनेने टक्केवारी घेतली का, हे त्यांना विचारा. वर्गणी घेणं रास्त आहे, तारखेचा प्रवासखर्च आधी सांगून घेणंही रास्त आहे. पण ‘मिळाले की वीस टक्के आमचे’ हा सौदा झाला.

वर्गणी किती असावी? जुन्या १९२६ च्या कामगार संघटना कायद्यात २००१ साली दुरुस्ती झाली तेव्हा ग्रामीण कामगारांसाठी वर्षाला किमान एक रुपया, इतर असंघटितांसाठी तीन रुपये अशी मर्यादा घातली होती. प्रत्यक्षात एवढ्यात कार्यालयाचं वीजबिलही भागत नाही, म्हणून संघटना जास्त घेतात. रक्कम थोडी जास्त असण्यात गैर काही नाही. पावतीशिवाय घेण्यात आहे. पावतीवर संघटनेचं नाव, नोंदणी क्रमांक, पावती क्रमांक, वर्ष आणि सही हवी. ‘सभासद फी’ आणि ‘कार्डाचं काम’ एकाच रकमेत घातलं असेल तर वेगळं लिहून मागा. नोंदणीकृत संघटनेचे हिशोब आणि सदस्ययादी पाहण्याचा हक्क प्रत्येक सदस्याला आहे. भरती होण्याआधीच विचारून बघा: हिशोबाची वही कधी बघायला मिळेल? उत्तराचा सूरच बरंच सांगून जातो.

संघटना कोणत्या पक्षाच्या झेंड्याखालची, यावरून फार अडू नये. देशपातळीवरच्या कामगार महासंघांपैकी आयटक १९२० ची, इंटक १९४७ ची, सिटू १९७० ची. भारतीय मजदूर संघ १९५५ चा, आणि तो स्थापणारे दत्तोपंत ठेंगडी तर आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे. प्रत्येकीची राजकीय नाळ कुठे ना कुठे आहेच. राजकीय कामासाठी संघटनेला वेगळा निधी ठेवावा लागतो आणि त्यात पैसे देण्याची सक्ती सदस्यावर करता येत नाही. तुमच्या तालुक्यात ज्यांचा माणूस आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी ठरलेल्या जागी बसतो, ती संघटना जवळची. कामासाठी तेलंगणात किंवा गुजरातेत जात असाल तर मात्र देशपातळीवरच्या महासंघाशी जोडलेली बघा, कारण दावा बहुधा जिथे काम झालं तिथेच टाकावा लागतो आणि तिथे ओळखीचं कार्यालय लागतं.

भरती व्हायचं की थांबायचं

भरती झाल्याचं कळलं की ठेकेदार उघड काही बोलत नाही, फक्त पुढच्या कामाला फोन करत नाही. सदस्य झाला म्हणून कामावरून काढणं ही कायद्याने अनुचित प्रथा आहे, पण रोजंदारीवरच्या माणसाला ‘काढलं’ हे सिद्ध करणंच कठीण. त्यामुळे तुमच्या भागात एक-दोनच ठेकेदार असतील तर एकट्याने जाऊ नका. टोळीतले आठ-दहा जण एकाच दिवशी सदस्य व्हा. अख्खी टोळी टाळणं ठेकेदाराला परवडत नाही, हंगामात तर नाहीच.

ठेकेदार बदलत राहणारे, बाहेरगावी जाणारे, मोठ्या सरकारी कामांवर किंवा उंचीवर काम करणारे, यांनी वरच्या कसोटीला उतरणारी संघटना मिळाली तर थांबू नये. गावातच, ओळखीच्या घरमालकांकडे, आठवड्याच्या आठवड्याला हिशोब घेणाऱ्या मिस्त्रीला घाई नाही. त्याने मंडळाची नोंदणी आणि वही एवढं आधी करावं. आणि जो स्वतः चार माणसं घेऊन ठेक्याने काम धरतो, त्याने विचारून घ्यावं की संघटना त्याला मजूर मानते की मालक. पुढे त्याच्याच हाताखालच्या माणसाने दावा टाकला तर संघटना कोणाच्या बाजूने उभी राहील, हे आधी कळलेलं बरं.

जवळ धड संघटनाच नसेल, तर मजुरीचा अर्ज जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात स्वतः करता येतो. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. स्वतःची संघटना काढायची तर नोंदणीच्या अर्जावर सात सह्या पुरतात, पण त्या उद्योगातले दहा टक्के किंवा शंभर कामगार, जे कमी असेल तेवढे सदस्य अर्जाच्या दिवशी असावे लागतात. एका गावात ते जमत नाही. बाजाराच्या गावाभोवतीची आठ-दहा गावं धरली तर जमतं. पण दरवर्षी हिशोब तपासून विवरणपत्र भरावं लागतं, आणि ते राहिलं की नोंदणीच धोक्यात येते. म्हणून हिशोब लिहिणारा माणूस आधी शोधा, अध्यक्ष नंतर.

सदस्य झाल्यावर वर्षभरात एकही बैठक झाली नाही, हिशोब दाखवला नाही, तर पुढची वर्गणी भरू नका आणि राजीनामा लेखी देऊन पोच घ्या. दावा चालू असेल तर मात्र तो निकाली निघेपर्यंत सदस्यत्व सोडू नका, आणि दाव्याच्या अर्जाची, पोचपावतीची व पुढच्या तारखेची एक प्रत स्वतःच्या घरी ठेवा.